यूस, नपुंसकलिंगी

"बाबा, पाटीवर फक्त माझं नाव आणि खाली 'लॉ ऑफिस'. दॅट्स इट. नो इम्प्रूव्हमेंट्स, ओके?" गाडीत बसता बसता सावनीनं पुन्हा एकदा बजावलं आणि जुन्या फर्मचं शेवटचं काम उरकायला ती आठवडाभरासाठी सॅक्रामेंटोला निघून गेली.

हेमचंद्र उकिडव्यांनी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, हे सावनीच्या अजून लक्षात आलं नव्हतं. पद्मजाबाईंच्या ते लग्नानंतर लगेच लक्षात आलं होतं.

तसे हेमचंद्र वाईट नव्हते. सांगलीहून निघालेला हा माणूस जन्मभर कॉम्प्युटरच्या चिपा डिझाइन करत फ्रीमाँटमध्ये स्थिरावला, आणि निवृत्त झाल्यावर ती सगळी बुद्धी घरात मोकळी सुटली. डिशवॉशरमध्ये वाट्या कोणत्या कोनात ठेवाव्यात, पोळीचा व्यास किती असावा, यावर त्यांची मतं तयार होऊ लागली. शेवटी पद्मजाबाईंनी सीनियर सेंटरमधून क्लासेसची माहिती आणली आणि त्यांच्या पुढ्यात टाकली. "यातलं काहीतरी शिका. घराबाहेर."

योगासनं होती, ब्रिज होतं, जलरंग होते. हेमचंद्रांनी लॅटिन निवडलं.

"लॅटिन म्हणजे काय गं, संस्कृतची मावसबहीण," पहिल्याच तासाहून आल्यावर ते म्हणाले. "विभक्त्या आपल्याच, लिंगं आपलीच. शिवाय द्विवचन नाही. म्हणजे आयती सूटच." शाळेत त्यांना संस्कृतचं बक्षीस मिळालं होतं. ते मिळाल्याचं जगाला अधूनमधून कळवत राहणं हे त्यांना कर्तव्य वाटे.

सावनी सॅक्रामेंटोला गेली त्या आठवड्यात क्लासमध्ये एक नाम आलं आणि हेमचंद्र त्याच्या प्रेमातच पडले. यूस. म्हणजे कायदा, न्याय, हक्क. सकाळी चहाला त्याचा पाठ सुरू व्हायचा. "यूस, यूरिस, यूरी, यूस, यूरे! ज्युरी म्हण, जस्टिस म्हण, सगळी यातूनच निघाली. आणि नपुंसकलिंगी आहे बरं का. त्यामुळे प्रथमा आणि द्वितीया सारखीच. वनम्, वनम्. कोण करतंय आणि कोणाला करतंय, नुसत्या रूपावरून कळायचं नाही."

"यूस होय? चांगलं असतं ते," पद्मजाबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या.

"चांगलं? अगं, अख्ख्या समाजाचा आधार आहे तो!"

"असणारच. आजारी माणसाला तर तोच आधार."

हे उत्तर जरा आडवळणाचं होतं, पण हेमचंद्र तोवर अनेकवचनात शिरले होते.

अशा मनःस्थितीत त्यांच्याकडे पाटीचं काम आलं. फ्रीमाँटमधल्या एका छोट्या प्लाझात सावनीनं गाळा घेतला होता. मोठ्या फर्मची नोकरी सोडून ती छोटे दुकानदार, भाडेकरू अशांची वकिली करणार होती. सगळी जमवलेली हिंमत तिनं त्या गाळ्यात ओतली होती, आणि बापाला वाईट वाटू नये म्हणून त्यातलं सगळ्यांत निरुपद्रवी काम त्यांना दिलं होतं. 'लॉ ऑफिस'! हेमचंद्रांना ते फारच मिळमिळीत वाटलं. लेकीच्या दारावर कसं, रोमन साम्राज्य उभं राहायला हवं.

पाटी करणारा मिगेल म्हणून एक तरुण होता. त्यानं अक्षरं पाहिली आणि डोकं खाजवलं. "आय, व्ही, एस?"

"आयचा उच्चार य. आणि तो व्ही नाही, यू आहे. रोमन लोकांकडे यू नव्हता. ते व्ही कोरायचे."

"सर, आपल्याकडे यू आहे," मिगेल नम्रपणे म्हणाला. "भरपूर आहेत."

पण हेमचंद्र अस्सलपणापुढे हटणारे नव्हते. हातभर उंचीची तीन अक्षरं ठरली. खाली सावनीचं नाव बारीक, म्हणजे रोमन पद्धतीनं विनयशील. आणि यूस म्हणजेच कायदा, तेव्हा 'लॉ ऑफिस' हे शब्द त्यांनी द्विरुक्ती म्हणून काढून टाकले.

शनिवारी सकाळी पाटी चढली. त्याच संध्याकाळी उद्घाटन होतं. छोटीशी पूजा, महाराष्ट्र मंडळातली तीसेक माणसं, आणि पद्मजाबाईंच्या हातचं जेवण. सावनी परस्पर सॅक्रामेंटोहून पोचणार होती. हेमचंद्र सकाळपासून ऑफिसात ठाण मांडून होते, कारण बाथरूममधला नळ गळत होता आणि प्लंबर यायचा होता.

थोड्याच वेळात दार ढकलून एक धिप्पाड तरुण आत आला. डोळे लाल, चेहरा उतरलेला. शुक्रवारची रात्र त्याला बरीच महागात पडली असावी.

"ड्रिपसाठी आलोय," तो क्षीण आवाजात म्हणाला.

"या, या! तुमचीच वाट बघतोय," हेमचंद्र उठले. "काल रात्रीपासून चालू आहे. चला, आत आहे."

तरुण त्यांच्यामागून बाथरूमपर्यंत गेला. बेसिनखाली बादली होती आणि तीत ठिबक-ठिबक चाललं होतं. त्यानं बादलीकडे बोट दाखवलं.

"तुम्ही... इथेच करता?"

"मग कुठे करणार? इथेच तर गळतंय."

"मी बसू की आडवा होऊ?"

"तुमच्या सोयीनं. मागच्या वेळी आलेला माणूस आडवाच झाला होता. डोकं पार आत घातलं होतं त्यानं."

तरुणानं नेटानं बाही वर केली आणि दंड पुढे केला. "यात व्हिटॅमिन सी असतं का?"

"यात?" हेमचंद्रांनी बादलीत पाहिलं. "नसावं. साधं म्युनिसिपालिटीचं पाणी आहे."

पुढच्या क्षणाला तो तरुण पार्किंगमध्ये होता. इतक्या आजारी माणसाला इतकं वेगात पळता येतं, याचं हेमचंद्रांना कौतुक वाटलं. प्लंबरच्या जातीत हल्ली कामसूपणा राहिला नाही, असा निष्कर्ष काढून ते खुर्चीत बसतात न बसतात तोच शेजारच्या शेतकरी बाजारातून दोन बायका आत आल्या. "तुमच्याकडे थकव्यासाठीही सलाइन देता का? बाहेर पाटी बघितली."

हेमचंद्र बाहेर धावले. पाटीकडे वर बघितलं आणि पहिल्यांदाच ती मिगेलच्या डोळ्यांनी वाचली. आयव्हीज! कॅलिफोर्नियात हल्ली केस कापायला जावं तशी माणसं दुकानात जाऊन शिरेतून सलाइन टोचून घेतात, हे त्यांनी ऐकलं होतं. त्यांची पाचावर धारण बसली. मुलगी वकील आणि बाप विनापरवाना डॉक्टर! तेही बादलीतून!

मिगेलचा फोन लागेना. मग त्यांनी शिडी काढली, गाडीतली काळी चिकटपट्टी घेतली, आणि व्हीचं खालचं टोक गोल करून त्याचा यू करून टाकला. आणखी गैरसमज नको म्हणून दारावर एक कागदही चिकटवला. त्यावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं: 'हे लॅटिन नाम आहे. नपुंसकलिंगी. अर्थासाठी कृपया शब्दकोश पाहावा.'

शब्दकोश हल्ली प्रत्येकाच्या खिशात असतो, आणि शनिवारचा बाजार ऐन रंगात होता. हवेत बोचरा गारठा. भाजीच्या पिशव्या घेऊन येणारी-जाणारी माणसं कागदापाशी थांबू लागली, फोन काढू लागली, आणि आश्चर्य म्हणजे वाचून खूश होऊ लागली. हेमचंद्र काचेतून समाधानानं बघत होते. कायद्याविषयी सामान्य माणसाला एवढी ओढ असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्याच वेळी पद्मजाबाईंची गाडी आली. संध्याकाळसाठी त्यांनी टोमॅटोचं सार केलं होतं, एवढं मोठं पातेलं की ते उचलायला बाहेरच्या दोघा अनोळखी माणसांनी आपण होऊन हात लावला. तूप-जिऱ्याची, कढीपत्त्याची फोडणी फुटपाथभर दरवळली. पातेलं आत गेलं आणि मागोमाग ती माणसंही आत गेली.

"हेच का ते?" शाल गुंडाळलेल्या एका बाईनं पातेल्याकडे बोट दाखवून विचारलं.

"येस, येस. टोमॅटो," पद्मजाबाई हसून म्हणाल्या, आणि उद्घाटनासाठी आणलेल्या कागदी पेल्यांतला एक भरून त्यांनी तिच्या हातात ठेवला. दारात आलेल्या माणसाला कोरडं परत पाठवायचं त्यांच्या रक्तातच नव्हतं. बाईनं घोट घेतला, डोळे मिटले, आणि उघडल्याबरोबर पेल्याचा फोटो काढून तो कुठेतरी पाठवला.

हेमचंद्र बेसिनपाशी बादली बदलून बाहेर आले, तेव्हा ऑफिसात रांग लागली होती.

"अगं, हे काय चालवलंयस?"

"लोक यूस मागतायत, मी देत्येय. तुम्हीच ना पाटी लावलीत?"

"यूस म्हणजे कायदा!"

"कायदा कसा असेल? यूष म्हणजे कढण. आम्ही आजारी पडलो की आई मुगाचं यूष करून द्यायची. तुम्ही आठवडाभर यूस यूस करत होता, मला वाटलं लेकीनं ऑफिसला काहीतरी पौष्टिक नाव ठेवलंय. हल्ली काय, काहीही नावं ठेवतात." पद्मजाबाईंनी पुढचा पेला भरला. "आणि यूष संस्कृतच आहे हो. बक्षीस कुणाला मिळालं होतं?"

रांगेतल्या एका पोरसवदा माणसानं अदबीनं आपला फोन हेमचंद्रांपुढे धरला. तिथे स्वच्छ लिहिलं होतं. यूस, क्रमांक एक: कायदा, न्याय. यूस, क्रमांक दोन: रस्सा, सार, सूप. ही नामं दोन होती. लिंग तेच, विभक्त्या त्याच, यूरिस-यूरी सगळं तेच. रूपावरून जगातला कोणताही पंडित ती ओळखू शकला नसता. हेमचंद्रांनी पहिला अर्थ बघून शब्दकोश मिटला होता.

"मित्रहो, गैरसमज होतोय," ते रांगेकडे वळून इंग्रजीत म्हणाले. "हे तृतीय गणातलं नाम असून याचे दोन..." आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं. षष्ठी सांगितली, अनेकवचन सांगितलं. रांग तन्मयतेनं ऐकत होती. संपल्यावर काहींनी टाळ्याही वाजवल्या.

"किती छान कल्पना आहे," शालवाली बाई दुसऱ्या पेल्यासाठी पुन्हा रांगेत लागताना म्हणाली. "मेन्यू नाही, टेबलं नाहीत, आधी व्याकरण आणि मग सूप. असं मी फक्त सॅन फ्रान्सिस्कोत बघितलंय."

रांग बाहेर पार्किंगपर्यंत गेली. आणि मग गर्दीतून वाट काढत शेजारच्या नूडल्सच्या दुकानाचे मालक मिस्टर लॅम आत आले. बुटके, टक्कल असलेले, कमरेला एप्रन, आणि चेहऱ्यावर युद्ध.

"या प्लाझात सूप फक्त मी विकतो!" ते गरजले. "माझ्या लीजमध्ये लिहिलंय. दुसरं सूपचं दुकान इथे चालणार नाही!"

"अहो, हे सूपचं दुकान नाही. हा कायदा आहे," हेमचंद्र काकुळतीनं म्हणाले.

लॅमनी पातेल्याकडे पाहिलं. पद्मजाबाईंच्या हातातल्या डावाकडे पाहिलं. "कायदा काय असतो ते आता मी दाखवतो," असं म्हणून ते निघून गेले. जाताना पद्मजाबाईंनी त्यांच्याही हातात एक पेला दिला. रागाच्या भरात त्यांनी तो घेतला.

हेमचंद्र नुसते घामाघूम झाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पद्मजाबाई रांगेतल्या ज्येष्ठ नागरिकांना बसवायला गेल्या होत्या, म्हणून एका हातात डाव धरूनच हेमचंद्रांनी तो घेतला. सावनी होती, गाडी चालवत होती, आणि आनंदानं किंचाळत होती.

"बाबा! माझी पहिली केस! अजून ऑफिस ओपनसुद्धा केलं नाही आणि क्लायंट! मी निघायच्या आधी प्लाझातल्या सगळ्या शॉप्समध्ये कार्ड्स दिली होती ना, नुसतं नाव आणि नंबरवाली? तो नूडल्सवाला, मिस्टर लॅम, त्यानं आत्ता कॉल केला!"

"अरे वा," हेमचंद्र म्हणाले. त्यांचा आवाज पातेल्याच्या तळातून आल्यासारखा आला.

"त्याच्या बाजूला कोणीतरी इल्लीगल सूप विकतोय! नो परमिट, नो लायसन्स, नथिंग. आणि बाबा, ऐका ना, त्याच्या एका कस्टमरनं सांगितलं, मॉर्निंगला तोच माणूस म्हणे लोकांना बाथरूममध्ये नेऊन आयव्ही द्यायला बघत होता! आउट ऑफ अ बकेट! कॅन यू बिलीव्ह? असली माणसं असतात, यार!"

"असतात," हेमचंद्र म्हणाले. "म्हणजे... तू साधारण काय करणार त्याला?"

"आय विल डिस्ट्रॉय हिम! आधी काउंटीला रिपोर्ट. मग लीज कॅन्सल. तो माणूस पुन्हा या स्टेटमध्ये हातात चमचा धरणार नाही!"

हेमचंद्रांनी डाव हळूच खाली ठेवला.

"आणि बाबा, तुम्ही तिथेच आहात ना? जरा बाहेर जाऊन बघा, फोटो काढा. तुम्ही माझे बेस्ट विटनेस!"

फोन बंद झाला. कर्ता कोण, कर्म कोण, हे रूपावरून ओळखता येत नाही असं ते आठवडाभर सांगत होते. आपण एकाच वेळी दोन्ही होऊ, शिवाय साक्षीदारही होऊ, हे मात्र क्लासमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

"सांगून टाका तिला," पद्मजाबाई म्हणाल्या.

"गाडी चालवत्येय ती. फ्रीवेवर अपघात व्हायचा."

हेमचंद्रांनी मिनिटभर विचार केला, आणि जन्मात प्रथमच काहीही सुधारणा न करता सरळ काम केलं. ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले आणि हात जोडून ओरडले, "लेडीज अँड जंटलमेन! इथलं सूप संपलं. खरं सूप शेजारी! कृपया माझ्यामागून यावं!" आणि ती अख्खी रांग, शालवाल्या बाईसकट, त्यांनी दिंडीसारखी लॅमच्या दुकानात नेऊन सोडली.

लॅम काउंटरमागे हाताची घडी घालून उभे होते. आधी त्यांना वाटलं, हा माणूस जमाव घेऊन चाल करून आलाय. मग जमावानं ऑर्डरी द्यायला सुरुवात केली. बघता बघता टेबलं भरली, खुर्च्या संपल्या, दोन पोरी वाढायला होत्या त्या पुरेनात. हेमचंद्रांनी अपराधी भावनेनं एक ट्रे उचलला, मग दुसरा. कोणाचं टोफूचं, कोणाचं मशरूमचं, हे ते इतकं बिनचूक लक्षात ठेवत होते की लॅम मधूनच थांबून त्यांच्याकडे बघत राहिले.

गर्दी जराशी ओसरली तेव्हा पद्मजाबाई कपाळाला हात लावून आल्या. "पातेलं रिकामं झालं. तीस माणसं यायचीत आणि सार थेंबभर उरलं नाही."

दोघांनी एकाच वेळी लॅमकडे बघितलं.

"तीस वाट्या शाकाहारी सूप मिळेल?" हेमचंद्रांनी विचारलं.

"तीस!" लॅमनी एप्रनला हात पुसले. त्यांच्या चेहऱ्यावरचं युद्ध केव्हाच संपलं होतं.

पद्मजाबाईंनी मात्र नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं. "लॅम म्हणजे मेंढीच ना हो? मंडळात खाणार नाही कुणी."

"आडनाव आहे ते त्यांचं."

"पण आडनाव कशावरून पडलं असेल?"

शेवटी लॅमनी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन मशरूम, गवती चहा, आलं सगळं उघडून दाखवलं. येताना पद्मजाबाई त्यांना कढीपत्ता कुठे मिळतो ते सांगत होत्या आणि ते मनापासून ऐकत होते. सकाळी रागात घेतलेला तो पेला रिकामा होऊन काउंटरवर पडला होता.

याच वेळी सावनी आली. गाडीतून उतरून ती आधी आपल्या ऑफिसात न जाता तडक क्लायंटकडे आली. अंगात काळा कोट, डोळ्यांत पहिल्या खटल्याची चमक.

"मिस्टर लॅम? सावनी उकिडवे. डोंट वरी, सोमवारी सकाळी त्या माणसाला नोटीस..."

"नको, नको!" लॅमनी दोन्ही हात हलवले. "केस नको. मी मागे घेतो. फार भला माणूस आहे तो."

"कोण?"

"डिफेंडंट," लॅम म्हणाले, आणि त्यांनी बोट दाखवलं.

हातात सहा वाट्यांचा ट्रे घेतलेले हेमचंद्र जागच्या जागी उभे राहिले. लपायला खांबसुद्धा नव्हता. सावनीनं ट्रेकडे बघितलं, बापाकडे बघितलं. मग ती बाहेर गेली, फुटपाथवर उभी राहून वर आपली पाटी बघितली, दारावरचा कागद वाचला, फोनवर काहीतरी शोधलं, आणि परत आत येऊन खुर्चीत बसली.

"आय, यू, एस," ती म्हणाली.

"सकाळी व्ही होता," हेमचंद्र म्हणाले. खोटं बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

"म्हणजे ज्या इल्लीगल सूप शॉपची लीज मी कॅन्सल करणार होते..."

"ती तुझीच."

"आणि तो बकेटवाला आयव्हीचा फ्रॉड..."

"तो प्लंबर नव्हता, हे मला उशिरा कळलं."

सावनीनं चेहरा ओंजळीत लपवला. तिचे खांदे हलू लागले. लेकीचं पहिलं ऑफिस, पहिला दिवस, पहिला अशील, सगळं आपण तीन अक्षरांत घालवलं. ते ट्रे ठेवून तिच्या शेजारी टेकले. "चुकलं माझं, बाळा. सोमवारी पाटी काढून टाकतो. 'लॉ ऑफिस' लिहितो. साध्या अक्षरांत."

सावनीनं हात बाजूला केले. डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसण्याचं होतं. "बाबा, आय वॉज गोइंग टू सू मायसेल्फ. आणि आय वुड हॅव वन!"

"मग वकील म्हणून मी तुम्हाला काढून टाकायचं, की क्लायंट म्हणून तुम्ही मला?" लॅमनी गोंधळून विचारलं. या प्रश्नाचं उत्तर वकिलीच्या परीक्षेत कुठेच नव्हतं, म्हणून पद्मजाबाईंनी विषय बदलून सगळ्यांना पूजेला बसवलं. मंडळाची माणसं आली, प्रसाद झाला, आणि मंडळाच्या इतिहासात प्रथमच मसालेभातावर गवती चहाचं सूप ओतून खाल्लं गेलं. दोघातिघांनी पाककृती मागितली.

सोमवारी पाटी उतरली नाही. मिगेल दोन आठवडे मेक्सिकोला गेला होता, आणि लॅम रोज सकाळी येऊन सावनीला विनवत होते की निदान थंडी संपेपर्यंत तरी ती तीन अक्षरं राहू द्या. कारण सूप शोधत लोक येतच होते. मग सावनीनं बापाला दाराशी खुर्ची टाकून दिली आणि एकच काम नेमून दिलं. कुणी आलं की हेमचंद्र चष्म्यावरून बघत विचारायचे, "पहिला अर्थ की दुसरा?" दुसरा म्हटलं की शेजारी पाठवायचे. गंमत अशी की दुसऱ्यासाठी आलेली माणसं पहिला म्हणजे काय ते विचारायची, आणि सांगितल्यावर त्यांना एकदम आपला घरमालक आठवायचा, बुडालेलं डिपॉझिट आठवायचं, कुंपण सरकवणारा शेजारी आठवायचा. सावनीच्या ऑफिसात खुर्च्या कमी पडायला लागल्या. मिगेल परत आला तेव्हा त्याला कुणी बोलावलंच नाही. हेमचंद्र दारात असे बसलेले असत, की ते स्वतःच रोमहून आले असावेत.

एका गुरुवारी दुपारी लॅमच्या दुकानातून सूट घातलेले एक गृहस्थ तरातरा बाहेर आले. शर्ट छातीपासून पोटापर्यंत ओला, मनगट लालबुंद झालेलं, आणि टायच्या टोकाला एक लांबलचक नूडल लोंबत होती. त्यांच्यामागे हातात बर्फाची पिशवी घेतलेले लॅम धावत येत होते. "सॉरी, सॉरी! माझी वकील इथेच आहे! तिच्याशी बोला!"

"तिच्याशीच बोलायला चाललोय! तुमच्यावर दावा ठोकायला!" गृहस्थ ओरडले.

हेमचंद्रांनी सवयीनं विचारलं, "पहिला अर्थ की दुसरा?"

गृहस्थांनी आपल्या शर्टाकडे बघितलं, लॅमकडे बघितलं, आणि वर पाटीकडे बघितलं.

"दोन्ही!"

हेमचंद्र खुर्चीतून उठले. त्यांनी ती खुर्ची गृहस्थांना दिली, आत जाऊन दार लावून घेतलं, आणि दबक्या आवाजात लेकीला म्हणाले, "सावनी, त्या मिगेलला फोन लाव. पाटी आजच उतरवू या."